थंड व्हॉल्व्हचं गूढ

"हलू नकोस! तुझ्या पोटाचा आवाज येतोय की ॲम्प्लिफायरचा, तेच कळत नाहीये!" चिमणीची बहीण ओरडली.

"माझं पोट घूं करत नाही, गुर्र करतं," भोपळ्या टेबलाखालून म्हणाला. "आणि ते सकाळपासून उपाशी आहे."

"आत्ताच चार बिस्किटं खाल्लीस. मी मोजली," चिमणी म्हणाली.

चिमणी मोजणारच. दहा वर्षांची ही मुलगी जिन्याच्या पायऱ्या मोजायची, शर्टाची बटणं मोजायची, मामाच्या शिंकासुद्धा मोजायची. तिची थोरली बहीण तेरा वर्षांची. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं, म्हणून तिला सगळे वकील म्हणत. भोपळ्या हा त्यांच्या मावशीचा मुलगा. त्याचं नाव भोपळ्या का पडलं, ते त्याला बघितलं की कळायचं. तिघं सुट्टीसाठी आजोबांकडे आली होती आणि या क्षणी आजोबांच्या टेबलाखाली पालथी पडून एक आवाज शोधत होती.

टेबलावर आजोबांचा ॲम्प्लिफायर होता. काळा, लोखंडी, दिसायला अगदी साधा. वर आवाज मोठा करणारे, बाटल्यांसारखे चार काचेचे व्हॉल्व्ह उभे, मागे दोन जडशीळ ट्रान्सफॉर्मर. चाळीस वर्षांपूर्वी आजोबांनी तो स्वतःच्या हातांनी बनवला होता. ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा स्वतः गुंडाळलेली! दर रविवारी चार वाजता त्यांचे तीन मित्र यायचे, गाण्याची तबकडी लागायची आणि ती संपेपर्यंत खोलीत कुणी खोकायचंसुद्धा नाही.

पण आठ दिवसांपासून गाण्यामागे सारखं घूंऽऽऽ यायला लागलं होतं. आजोबांनी तीन दिवस शोधलं. काही सापडलं नाही. शेवटी ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बिघाड यात नाही, माझ्यात आहे. डोळे अधू झाले, हात थरथरतो. आता कानही फसवायला लागले."

मामाने लगेच उपाय शोधला. एक जुन्या वस्तूंचा दुकानदार त्याच्या ओळखीचा होता. तो हा ॲम्प्लिफायर घेऊन बदल्यात एक झगझगीत, नव्यासारखा करून ठेवलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर द्यायला तयार होता. रविवारीच! आजोबा नुसतं "बरं" म्हणाले. ते "बरं" मुलांना मुळीच सहन झालं नाही.

"मला त्या रुमालकाकांचा संशय येतोय," वकील टेबलाखालून बाहेर येत म्हणाली. दुकानदार सारखा रेशमी रुमालाने काही ना काही पुसायचा, म्हणून हे नाव.

"तुला सगळ्यांचा येतो. गेल्या सुट्टीत दूधवाल्याचा आला होता," भोपळ्या म्हणाला.

"दूध पातळच होतं! आणि मला सांग, आजोबांच्या ॲम्प्लिफायरला तो भंगार म्हणतो. मग भंगार न्यायला स्वतःहून गाडी घेऊन कोण येतं?"

भोपळ्या अंगावरची धूळ झटकत बाहेर आला. वकिलाने तोवर आजोबांची वही उघडली होती. रोज कोणती तबकडी ऐकली आणि कशी वाजली, ते आजोबा त्यात लिहायचे. गेल्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी लिहिलं होतं, 'स्वच्छ. बासरी अगदी समोर.' गुरुवारी, 'घूं. कुठून?' शुक्रवारी, 'घूं.' शनिवारपुढे नुसती रिकामी ओळ होती. 

"म्हणजे जे काही झालं, ते बुधवारी सकाळनंतर! बुधवारी घरी कोण आलं होतं?" वकिलाने विचारलं.

"आपण पोहायला गेलो होतो," चिमणी म्हणाली.

"मी नव्हतो गेलो. माझं पोट बिघडलं होतं," भोपळ्या म्हणाला आणि मग त्याने आ वासला. "अरे! रुमालकाकाच आले होते की! आजोबा फिरायला गेले होते. मामा चहा करायला आत गेला, तर हे ॲम्प्लिफायरच्या मागे वाकलेले! मला म्हणाले, बाळ, जरा पाणी आण."

"आणि तू आणलंस?"

"मोठ्यांचं ऐकायचं नाही का मग?"

वकिलाने कपाळाला हात लावला. कुठेतरी नक्की पाणी मुरत होतं!

मामाला सांगितलं, तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तो भला माणूस मदत करतोय आणि तुम्ही त्याच्यावर आळ घेताय? चला दुकानात. डोळ्यांनी बघा, म्हणजे शंका फिटेल!"

एवढंच तर त्यांना हवं होतं.

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत रेडिओ, टेपरेकॉर्डर, जाळी फाटलेले स्पीकर. पॉलिशचा वास नाकात बसत होता. मधोमध एका टेबलावर तो ॲम्प्लिफायर मांडला होता. पितळी दर्शनी भाग, लाकडी बाजू, वर चार व्हॉल्व्ह.

"आम्ही शौकीन माणसं!" रुमालकाका पितळेवर रुमाल फिरवत म्हणाले. "असा आवाज ऐकला नसेल तुम्ही. नुसता मध!" त्यांनी तबकडी फिरती केली, सुई टेकवली आणि ॲम्प्लिफायरचा खटका दाबला. व्हॉल्व्हमध्ये नारिंगी उजेड पडला.

चिमणीने सवयीने मोजायला सुरुवात केली. आजोबांच्या घरी खटका दाबला की सगळे गप्प बसून मोजायचे, कारण व्हॉल्व्ह तापल्याशिवाय आवाज फुटत नाही. कधी वीस, कधी बावीस.

"एक, दोन, ती—"

गायिका खणखणीत गाऊ लागली! चिमणीचं बोट हवेतच राहिलं.

"इतक्या लवकर?" वकिलाने विचारलं. "व्हॉल्व्ह तापायला नको?"

"नवी पद्धत आहे, बेटा. वाट बघायची कटकटच नाही!"

"बघ!" मामा खूश होऊन म्हणाला. "किती सोय!"

चिमणीने व्हॉल्व्हजवळ बोट नेलं. रुमालकाका एवढ्या जोरात ओरडले, की ती दचकली. "हात लावायचा नाही! पोळेल!" मग ते लगेच गोड हसले आणि मामाला स्पीकर दाखवायला पलीकडे घेऊन गेले.

भोपळ्याने तेवढ्यात खिशातून चॉकलेटचा तुकडा काढला आणि व्हॉल्व्हच्या माथ्यावर अलगद ठेवला. गेल्या वर्षी आजोबांच्या ॲम्प्लिफायरवर त्याने असंच चॉकलेट विसरून ठेवलं होतं. पाच मिनिटांत त्याचा चिखल झाला होता आणि भोपळ्याला जन्मभर पुरेल एवढा ओरडा बसला होता. आता तबकडीची एक बाजू संपेपर्यंत तो श्वास रोखून उभा राहिला. मग त्याने चॉकलेट उचललं.

बाहेर रस्त्यावर येताच वकिलाने विचारलं, "काय झालं?"

"कडक! एक कोपरासुद्धा मऊ नाही!"

"शाब्बास! दाखव, मामाला दाखवू या!"

भोपळ्याने तोंडावर हात धरला. त्याचे गाल मात्र हलत होते.

"पुरावा खाल्लास?"

"सवयीने गेला गं तोंडात..."

वकिलाला इतका राग आला, की पुढच्या चौकापर्यंत ती पाय आपटत एकटीच पुढे गेली. मग तिने ठरवलं. "परीक्षा रविवारी घ्यायची. सगळ्यांसमोर. मामा एकटा फसू शकतो, पण आजोबांच्या मित्रांचे कान तयार आहेत. आणि भोपळ्या, नवं चॉकलेट माझ्याकडे राहील!"

शनिवारी चिमणीने आजोबांना सगळं सांगून पाहिलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे गं. माझ्या कानांवर आता माझाच विश्वास नाही," ते म्हणाले आणि फडक्याने काळा ॲम्प्लिफायर पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी तो जाणार होता.

रविवारी चारच्या ठोक्याला आजोबांचे मित्र आले. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक निवृत्त शिंपी आणि शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई. पाठोपाठ रुमालकाका आणि दोन हमाल. हमालांनी चकचकीत ॲम्प्लिफायर टेबलावर ठेवला.

"चला, तो जुना उचला!" रुमालकाका घाईने म्हणाले.

वकील काळ्या ॲम्प्लिफायरसमोर हात पसरून उभी राहिली. "आधी नवा ऐकू. मग जुना न्या."

"काय हा चावटपणा!" मामा चिडला.

"बरोबर बोलतेय ती," गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "न ऐकता कोण घेतं?"

रुमालकाकांचा नाइलाज झाला. तारा जोडल्या, तबकडी फिरली, सुई टेकली. खटका दाबला. चिमणीने मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन!" आणि गाणं सुरू झालं.

शिंपीकाकांनी वळून आजोबांकडे पाहिलं. आजोबा खुर्चीत ताठ झाले. पण तबकडी चालू असताना बोलायचं नाही, हा त्या खोलीचा नियम होता. त्या शांततेत भोपळ्या पुढे गेला आणि त्याने व्हॉल्व्हच्या माथ्यावर चॉकलेट ठेवलं. रुमालकाकांनी ते उचलायला हात पुढे केला, तर बाईंनी त्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प बसवलं!

एक मिनिट गेलं. पाच गेली. दहा गेली. सगळी खोली गाणं सोडून चॉकलेटकडे बघत होती. त्याचे चारही कोपरे जसेच्या तसे! रुमालकाका रुमालाने आता स्वतःचं कपाळ पुसत होते.

आजोबा उठले. त्यांनी हात सरळ व्हॉल्व्हकडे नेला.

"अहो, पोळेल!" रुमालकाका किंचाळले.

आजोबांनी काच मुठीत धरली. धरून ठेवली. मग हलवून हलवून तो व्हॉल्व्ह उपटून काढला. गायिका गातच होती! त्यांनी दुसरा काढला. तिसरा. चौथा. चारी व्हॉल्व्ह टेबलावर आडवे पडले, रिकाम्या भोकांतून नारिंगी दिवे लुकलुकत राहिले आणि गाणं अजिबात थांबलं नाही.

"मग ही बया गातेय कशाच्या जोरावर?" शिंपीकाकांनी विचारलं. आज पहिल्यांदाच मित्रांपैकी कुणी खोलीचा नियम मोडला होता.

"आत एखादी स्वस्तातली चिमुकली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी असेल," आजोबा म्हणाले. "व्हॉल्व्ह नुसते शोभेला." त्यांच्या आवाजात धार आली होती.

"साहेब, मग न्यायचं काय?" एका हमालाने विचारलं.

रुमालकाका दाराकडे सरकले, तर पोस्टमास्तरांनी दाराला खुर्ची लावली आणि तिच्यावर ऐसपैस बसले.

"रुमालकाका," वकील पुढे होत म्हणाली, "त्या बुधवारी तुम्ही या ॲम्प्लिफायरला कुठे हात लावलात, ते सापडलंय आम्हाला!"

सापडलं काहीच नव्हतं. ही शुद्ध थाप होती! पण रुमालकाकांची नजर झर्रकन काळ्या ॲम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली आणि परत आली. वकिलाला तेवढंच पुरलं. "आजोबा, मागे, डावीकडे!"

"आधी प्लग काढ," आजोबा म्हणाले. "मी सांगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

चिमणीने टॉर्च धरला. प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशची बारीक रेघ होती, अर्धी स्क्रूवर, अर्धी पत्र्यावर. "स्क्रू कुणी फिरवला, तर रेघेचे तुकडे जुळत नाहीत," आजोबांनी सांगितलं. "हल्ली मला मात्र ती रेघ दिसत नाही."

चिमणीने मोजलं. "सोळा जुळतायत. हा सतरावा नाही! केसभर सरकलाय!"

रेकॉर्ड प्लेअरकडून येणारी अर्थिंगची तार त्या स्क्रूखाली दाबलेली होती. आजोबांनी स्क्रू सोडवला. तारेच्या टोकाला पारदर्शक चिकटपट्टीचा एक वेढा दिलेला होता. तार जागेवर, स्क्रू घट्ट, पण पत्र्याशी जोड मात्र नाही, म्हणूनच ती घूं!

"हा स्क्रू मी तीनदा तपासला होता," आजोबा हळूच म्हणाले. "घट्ट लागला, म्हणून पुढे गेलो."

"मी काढू का ती पट्टी?" वकिलाने विचारलं.

"नको. मीच काढतो."

 दोनदा नख निसटलं. कुणी घाई केली नाही. तिसऱ्यांदा पट्टी निघाली. त्यांनी तार बसवली, स्क्रू आवळला, तारा पुन्हा जुन्या ॲम्प्लिफायरला जोडल्या, प्लग लावला आणि खटका दाबला. सगळ्यांनी मनातल्या मनात मोजलं. बावीस झाले, तेवीस झाले, आणि काहीच ऐकू आलं नाही. घूं नाही की खरखर नाही! मग आजोबांनी बासरीची तबकडी लावून सुई टेकवली, आणि बासरी अगदी समोर वाजू लागली.

आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "माझे कान बरोबर होते," ते म्हणाले. "इतके दिवस मी उगाच स्वतःला मोडीत काढलं होतं."

मामाचा चेहरा पार पडला होता. "बाबा, मी त्याला एकट्याला इथे सोडलं. चूक माझी आहे. मुलं सांगत होती, तेही मी ऐकलं नाही." मग तो रुमालकाकांकडे वळला. "का केलंत हे?"

रुमालकाका त त प प करू लागले. "असे ट्रान्सफॉर्मर आता... हे व्हॉल्व्ह आता कुणी बनवत नाही... मागणारे शौकीन फार..."

दाराशी बसलेले पोस्टमास्तर एकदम उठले.  "माझ्याही ॲम्प्लिफायरमध्ये अशीच घूं आली होती. याने तपासल्यावर! मी माझा देऊन टाकला आणि याचा एक चकचकीत डबा घेतला. तीन महिने रोज ऐकतोय, काही गोडी लागत नाही. मला वाटलं, आपलंच वय झालं. लाजेने तुम्हाला कुणाला बोललोही नाही." ते रुमालकाकांच्या पुढ्यात गेले. "चला. दुकान उघडा."

सगळी वरात रस्त्याने निघाली. पुढे मामाने दंडाला धरलेले रुमालकाका, मागे पोस्टमास्तर, तिघं मुलं, आजोबा, बाई, शिंपीकाका आणि दोन्ही हमाल. पोस्टमास्तरांचा ॲम्प्लिफायर दुकानाच्या मागच्या खोलीत एका चादरीखाली निघाला. विकला गेला नव्हता! त्यांनी त्याच्या पत्र्यावरून हात फिरवला. हमालांना आज काहीतरी न्यायचंच होतं, त्यांनी तो उचलला. रुमालकाकांना घेऊन मामा पोलीस चौकीवर गेला.

"अशी पोरं घरात असल्यावर माणसाने म्हातारं कशाला व्हायचं!" शिंपीकाका म्हणाले आणि आजोबा खो खो हसले.

पोस्टमास्तरांनी भर रस्त्यात थांबून तिघांशी हात मिळवले. आधी चिमणीशी, मग वकिलाशी आणि शेवटी भोपळ्याशी. "आजपासून रविवारी चार वाजता तुम्हा तिघांच्या खुर्च्या आमच्या ओळीत," ते म्हणाले. "आणि आज मैफल माझ्या घरी. वाटेत जरा थांबू या, मला चॉकलेटं घ्यायची आहेत."

"किती?" चिमणीने लगेच विचारलं.

"ते तू सांग," पोस्टमास्तर म्हणाले आणि तिचा हात धरून पुढे चालू लागले.