मकरती बाबांचं खरं नाव

सहासष्ट सालच्या चैत्रात मी पारोळ्याहून भुसावळला गेलो, तो एक नाव शोधायला. आमचे पणजोबा आयर्लंडचे. आगगाडी नवी असताना बोटीनं आले, भुसावळला इंजिन चालवलं, पारोळ्याच्या ताईबाईशी संसार केला आणि तिथंच वारले. ताईबाई मुलाला घेऊन माहेरी परतली. घरात त्यांचं नाव उरलं ते ‘मकरती बाबा’ एवढंच.

काम माझ्या चुलतभावाचं, सुकदेवचं. “तुले इंग्रजी येस, वना,” तो म्हणाला होता. “बाबानं खरं नाव धुंडी लय. औंदा आखाजीले त्याच नावनं हाक मारसूत.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात आणि भर दुपारी नाव घेऊन निखाऱ्यावर घास टाकतात; तो भक्कन पेटला की पितर आले, असं समजायचं. बाबांची घागर थोरल्या घरी, सुकदेवकडेच. शिवाय त्याचे डोळे घारे. आल्यागेल्यानं म्हणावं, हा तर बाबांचाच वंश. मी काळासावळा, तिथं नुसता पंगतीचा पाहुणा. वना मास्तर झालो, तरी माझा जळफळाट काही कमी झाला नाही.

गोऱ्यांच्या जुन्या कब्रस्तानात कडुलिंबाखाली दगड सापडला. मायकेल मॅकार्थी, गाव कॉर्क, आयर्लंड, १८८३. मॅकार्थीचाच मकरती झाला, हे उघड होतं. मी नाव टिपलं, आणखी काही कळलं तर कळवा म्हणून चर्चच्या फादरांकडे पत्ता ठेवला आणि घरी येऊन सुकदेवला सांगितलं, काही सापडलं नाही. खरं नाव आता एकट्या माझ्याकडे होतं. म्हणजे बाबा माझे.

आखाजीला मी आतून कडी लावून माझ्याच घरी घागर भरली. बायको, भिकुबाई, चुलीपाशी होती. सांजोरीचा तुकडा निखाऱ्यावर टाकून मी हलकेच म्हणालो, “मायकेल मॅकार्थी, कॉर्कवाले… आमच्याकडे या.”

घास पेटला नाही. काळा पडून धुमसत राहिला. घरात दगडी कोळशाचा वास भरला, आणि त्यामागून ओल्या मातीचा. बाहेर वैशाखाचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. तशात बुटांचा आवाज आला. जड, एक पाय ओढत. ओट्यावर येऊन थांबला.

“दारमा कोन शे…?” भिकुबाईनं विचारलं.

मी घाबरलो होतो. पण सुकदेवचं दार सोडून ते माझ्याकडे आले, याचा आनंद भीतीहून मोठा होता. मी कडी काढली. समोर कोणी नव्हतं. बुटांचा आवाज मात्र माझ्या शेजारून आत गेला. तो परत बाहेर गेल्याचं आम्ही ऐकलं नाही.

संध्याकाळी सुकदेव सांजोऱ्या घेऊन आला. भलताच खुशीत होता.

“बाबा उना, वना. घास भक्कन पेटना.”

बाबा त्याच्याकडे गेले असतील, तर माझ्याकडे कोण आलं होतं?

आठ दिवसांनी फादरांचं पत्र आलं. मॅकार्थी दोन होते. एक जेरेमाया, इंजिन ड्रायव्हर, बायको पारोळ्याची. दुसरा मायकेल, रूळ टाकणारा मजूर, एका पायानं अधू. त्याला बायको नाही, मूल नाही, मागे नाव घेणारं कोणी नाही.

मी मिळेल त्या गाडीनं भुसावळ गाठलं. फादरांनी दफनाचं रजिस्टर काढलं, मायकेलच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते थांबले.

“पत्र लिहिलं तेव्हा वारसाचा रकाना कोरा होता…” ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. शाई आजूबाजूच्या नोंदींसारखीच तपकिरी पडलेली, अक्षरही त्याच हातचं. पणतू नव्हे, लांबचा नातलगही नव्हे. लिहिलं होतं : मुलगा, वना. राहणार पारोळा.