पश्चिमेचा कांग

दिवा राहू दे बंद, चैत्राली. उजेडात सांगितली की ही गोष्ट मलाच खोटी वाटते, आणि ती खोटी नाही. इथे हौगांग भागात राहायची ती आपली अंजली, तिचा नवरा रत्नदीप, त्याच्यावर गुदरलेली आहे. दोन हजार सोळा सालच्या नोव्हेंबरातला शनिवार, रात्रीचे साडेनऊ.

रत्नदीप एका प्रयोगशाळेत इंजिनिअर होता. बाहेर सिंगापूरचा उकाडा आणि आत एका पोलादी कोठडीत उणे वीस. त्या कोठडीत मांचू लोकांच्या जुन्या घराची एक खोली जशीच्या तशी आणून उभी केली होती.

"मंचुरियनवाले, ला?"

हसू नकोस, अमेय, आणि तुझं ते सिंगापुरी 'ला' पुरे. चीनच्या ईशान्येकडचे, बर्फात राहणारे लोक. त्यांची मातीची घरं थंडीने तडकतात, ती कशी टिकवायची याचा शोध चालला होता. खोलीत तीन बाजूंना कांग. म्हणजे विटामातीचा रुंद ओटा, चुलीचा धूर आतून फिरवून तापवायचा. घर ज्यांचं, त्या गुआनबाई तिथेच संशोधक होत्या. त्यांनी बजावलं होतं, "बाकी कुठेही खुशाल बस. पश्चिमेच्या कांगवर नको. तिथे आमचे पूर्वज बसतात." रत्नदीप असलं काही मानणारा नव्हे. हसून सोडून दिलं.

त्या रात्री भिंतीतला सेन्सर बंद पडला. पाच मिनिटांचं काम, म्हणून गडी जाड जॅकेट न घालताच आत शिरला. फोन बाहेर टेबलावर.

काम झालं. दार ढकललं. हलेना. कडेने बर्फ धरला होता. दाराच्या दांड्यावर सगळा भार टाकला, तर दांडाच मोडून हातात आला. धोक्याची घंटा दाबली. वाजली नाही.

घरी अंजलीला सातवा महिना. मरायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात.

दक्षिणेच्या कांगवर बसला. नुसती बर्फाची लादी. उत्तरेकडे तीच गत. बोटं वळेनात. चाचपडताना पश्चिमेच्या कांगला हात लागला.

गरम.

चूल तेवढी आणलीच नव्हती...

बसला बिचारा. काय करणार? ऊब अंगात चढली तसं त्याला रडू आलं.

मग उजवीकडे कोणीतरी येऊन बसलं. दिसलं काही नाही. कांगवरची चटई दबली. मग डावीकडे. मग त्याच्या पलीकडे... खांद्याला खांदा. तो उठायला गेला. उठता येईना. दोन्हीकडून घट्ट.

"मला घरी जायचंय," मराठीतच म्हणाला तो.

...

सगळे जरा सरकून बसले. त्याला नीट जागा व्हावी म्हणून.

अंजलीने फोन करकरून सिक्युरिटीवाल्याला पाठवलं. पहाटे दार तोडलं. रत्नदीप जिवंत होता, घामाने निथळत होता. पण दोघांनी ओढूनही तो कांगवरून उठेना. तिसरा आला तेव्हा सुटला.

आता ती मंडळी पुण्यात असतात. मुलगी चालायला लागलीय. प्रयोग मात्र अजून चालू आहे. गुआनबाई सांगतात, पश्चिमेचा कांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढराशुभ्र गोठलेला असतो. मधोमध, रत्नदीप बसला होता तिथे, एका माणसापुरती जागा तेवढी कोरडी आहे. तिथे बर्फ धरतच नाही.