रुमालाखालचा तिसरा हात

सांगलीच्या प्रयोगशाळेत डॉ. तन्वीर शिकलगारांनी टेबलावर दोन मोजे ठेवले, तेव्हा भरतेश मगदूम हसलाच. "डॉक्टर, हळदीच्या धंद्यात हातमोजे?"

"हसा! परवा तुमच्या शेजारच्या पेढीत काय झालं? मालकाचा चेहरा पडद्यावर आला, मालकाच्या आवाजात बोलला आणि गोदाम रिकामं झालं. खरा मालक तेव्हा घरी दाढी करत होता."

भरतेशची धाकटी बहीण पद्मल, कंपनीतली त्याची भागीदार, हसली नाही. "हे यंत्रतोतये चेहरा, आवाज, सही सगळंच उचलतात. मग उरलं काय?"

"ज्याची कधी नोंदच झाली नाही, ते. तोतया नोंदींवरच पोसतो. आता तुमचा सौदा बघा. रुमालाखाली हातात हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायचा, तिसऱ्याला पत्ता नाही. आणि माणूस प्रत्येकाचा हात वेगळा दाबतो. म्हणून ओळख एका माणसात शोधायचीच नाही, दोघांच्या मध्ये शोधायची. जोडओळख! तुम्ही कुठंही असा, स्पर्शमोजा एकाचा दाब दुसऱ्याला पोचवेल आणि यंत्र जोडी ओळखेल."

पद्मलनं नियमच केला. जोडीनं हात दिल्याशिवाय कुणाचा शब्द खरा धरायचा नाही. चेहरा नाही, कागद नाही, मेल्याची बातमीसुद्धा नाही, कारण रडून माल सोडवणं ही तोतयांची आवडती युक्ती. बाकीच्या पेढ्या बुडाल्या, मगदूमांची टिकली. प्रत्येक वेळी हात दिल्यावर भरतेश तिच्या करंगळीला चिमटा काढायचा, लहानपणची खोड. पद्मल दरवेळी चिडायची.

मग भरतेश हळदखरेदीसाठी तमिळनाडूत इरोडला गेला आणि तिथंच त्याचं हृदय बंद पडलं. पद्मल धावत गेली, तिथंच त्याला अग्नी दिला आणि लॉजवर येऊन तिनं सांगलीला सुरक्षाप्रमुख कोष्टींना फोन लावला.

"दादा गेला हो, कोष्टी! सगळे व्यवहार थांबवा."

पडद्यावर कोष्टी ढिम्म. "बाई, हात द्या."

"कुणाला देऊ? जाळून आले त्याला!"

"दादा तर मोज्यावर आहेत. सगळी कोठारं विकायची म्हणतायत. ताईंच्या हाताची वाट बघतायत." आणि त्यांनी फोन ठेवला.

तिनं शिकलगारांना फोनवर गाठलं. "ओळखायचं तर यंत्राला आधी साठवावं लागतं, ताई. तुम्हा दोघांचा प्रत्येक दाब त्यानं साठवला. ते भांडार कुणीतरी चोरलंय."

"रुमालाखाली दोनच हात असतात, डॉक्टर. तिसरा तुम्ही घातलात!"

"मी घातला. तुम्ही घालू दिलात."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! हात दिला नाही, तर ती तोतया ठरणार. मग चोर तिचाही खोटा हात आणणार आणि ती सांगलीला पोचेपर्यंत शेतकऱ्यांनी विश्वासानं ठेवलेली हळद गायब. हात दिला, तर ती खरी. पण यंत्र जोडीच ओळखतं, म्हणजे मेलेला दादाही खरा. निदान आपलं ऐकतील तरी, असं म्हणून तिनं मोजा चढवला.

हात आला. तोच दाब, तेच थांबणं. आणि करंगळीला चिमटा. पद्मलला रडू कोसळलं. चोराचा हात आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं तो घट्ट दाबला.

हिरवा दिवा लागला. पडद्यावर कोष्टींचा जीव भांड्यात पडला होता. "बरं झालं, ताई, आलात! मघाशी एक तोतया तुमचा चेहरा लावून आली होती. दादा गेले म्हणून काय रडत होती हो!"

"कोष्टी, ऐका. विक्री थांबवा. दादा खरंच गेला..."

कोष्टी दचकून मागं सरकले. "अरे, पडद्यावर हीच ती! ताईंचा हात आलाय, विक्री होऊ द्या!" ते ओरडले आणि त्यांनी पडदा बंद केला.

मोज्यात करंगळीला पुन्हा चिमटा बसला.