आतून ओढलेली दोरी

बसा असे जवळ. सांगतो, पण आधी एक ध्यानात घ्या. गाडीची काच बसवणं हे एकट्याचं काम नव्हे. जी काच उघडत नाही, जागच्या जागी पक्की असते, तिच्याभोवती रबर असतं. त्या रबराच्या खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं, बाहेरच्यानं काच दाबून धरायची आणि आत बसलेल्यानं दोरीचं टोक हळूहळू ओढायचं. दोरी निघत जाते तसं रबर पत्र्याच्या कडेवर चढत जातं. आतल्यानं घाई केली की रबर फाटलं, आणि पाऊस आला की सीटवर तळं साचलंच म्हणून समजा.

डोणगावात हे काम द्यावं तर गुलाम रसूललाच. बाहेरून तो, आतून त्याची बायको सरवरी. बरं, दोघांचं दिवसभर भांडण चाललेलं, पण काच हातात आली की अशी जोडी शोधून सापडायची नाही.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. चांगुणाबाई आपली काळीपिवळी जीप स्वतः चालवत दारात घेऊन आली. रसूलला तिचं फार अप्रूप होतं. बाई कसली, वाघीण! मागच्या साली तिचा नवरा जानराव पऱ्हाटीत फवारणी करता करता पडला. बीटी कपाशी आली तेव्हा लोक म्हणत, आता फवारणीची कटकट गेली. कसली जाते! बोंडअळीनं असा इंगा दाखवला की माणसं डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरून औषध मारू लागली आणि तेच औषध त्यांच्या नाकातोंडात जाऊ लागलं. चांगुणाबाईनं जानरावला मागच्या सीटवर निजवलं आणि मेहकरकडे गाडी पळवली. पाऊस मी म्हणत होता. मागच्या काचांतून पाणी शिरलं, सीटखालच्या वायरींत उतरलं आणि गाडी माळावरच बंद पडली. जानराव दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

दुसरी असती तर तिनं त्या गाडीचं तोंडही पाहिलं नसतं. हिनं ती विकली नाही. फवारणीच्या दिवसांत आसपासच्या कुठल्याही शिवारात कुणाला भोवळ आली, की पहिला फोन चांगुणाबाईला.

"रसूलभाई, दोन्ही काचा आजच पक्क्या करून द्या," ती म्हणाली. "आभाळ पाहा. अन् सगळीकडं फवारणी चालू हाय. आता गाडी बंद पडली नाही पाहिजे."

"पडू देत नाही, बाई. तुमी बसा खाटेवर."

सरवरी ओढणीनं नाक दाबून गाडीत शिरली. वर्ष झालं तरी आत औषधाचा तो उग्र, गोडसर वास होताच. रसूलनं दोन्ही काचा काढल्या, कडांचा गंज खरवडून पत्रा लख्ख केला, चिकट काळा मसाला लावला, पहिल्या काचेच्या नव्या रबरात दोरी भरली आणि टोक आत सोडलं. काच साबणाच्या फेसानं पांढरी झाली होती. आतलं काही दिसत नव्हतं.

"ओढ," तो म्हणाला.

दोरी निघाली. आणि काय निघाली म्हणता! ना हिसका, ना अडखळ. रबर कडेवर लोण्यासारखं बसत गेलं. इतक्या वर्षांत असं काम झालं नव्हतं. रसूल खूश झाला.

"वा! आज काय जादू हाय वं तुझ्या हातात?"



"कोणासंग बोलून राह्यले?"

आवाज मागून आला. घराच्या दारात सरवरी उभी होती, हातात चहाचा कप.

"तू... आत हायस ना?"

"मी? मले त वासानं उमासे आले. पलीकडून उतरून कवाची चहा टाकाले गेली. तुमाले सांगून गेली!"

पत्रा घासण्याच्या खरखरीत त्याला ऐकूच आलं नव्हतं. रसूलनं तळहातानं फेस पुसला. सीट रिकामी होती. ओढलेली दोरी खाली पडलेली असायला हवी होती. तीही नव्हती.

खाटेवरून चांगुणाबाई हळूच म्हणाली, "दोरीच्या कामात आमच्या धन्यानं कधी घाई नाही केली. साऱ्या गावच्या बैलांचे कासरे तोच वळे..."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सहदेव नावाचा पोरगेला गडी पऱ्हाटीत पडला होता, तोंडाला फेस आला होता. थेंब टपटपू लागले. दुसऱ्या काचेच्या जागी अजून भगदाड होतं.

"मी नाही बसत आत... मले सांगूच नका," सरवरी म्हणाली.

आतून दोरी ओढायची सवय दुसऱ्या कुणाला नव्हती. पण सहदेवचा जीव त्या भगदाडाशी अडला होता. त्यानं कशीबशी दोरी भरली, टोक आत सोडलं, काच दाबून धरली. मग म्हणाला, "जानरावभाऊ... ओढा."

घटकाभर काही झालं नाही. मग दोरी ताणली. आणि तशीच, सावकाश, बेतानं, आत निघून गेली.

चांगुणाबाई मुसळधार पावसात गाडी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर ती आली. गाडी आतून कोरडी ठणठणीत होती. "वाचला सहदेव," ती म्हणाली, "गाडी एकदाही थांबली नाही." रसूलच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं एक दोरी पुढे केली.

"ही तुमची. पोराच्या मनगटाले बांधलेली होती. भाऊ त्याचा पुढं माझ्यापाशी, मागं हा एकटा. पोरगा म्हणते, डोळा लागला की कोणीतरी दोरीले हिसका द्याचं... झोपूच नाही दिलं."

मेल्यावरही ज्यानं हातचं काम सोडलं नाही, त्या माणसाला रसूलनं मनोमन सलाम केला. मग त्याला आठवलं.

"बाई, दोऱ्या दोन होत्या. दुसरी?"

"दुसरी कोणती? मले त एवढीच दिसली."

तिनं गाडी चालू केली. गिअर टाकायला हात उचलला, तेव्हा रसूलला तिच्या मनगटावर दुसरी दोरी दिसली. कासऱ्याला मारतात तशी नीटस गाठ होती. दोरी तिच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या सीटकडे गेली होती.

"बाई, हात..."

"काय झालं हाताले?" तिनं हात पाहिला, काहीच नसल्यासारखा परत ठेवला आणि गाडी काढली.

दोरी लोंबत नव्हती. कुणीतरी आतून धरल्यासारखी ताणलेली होती, आणि हळूहळू, बेतानं, बाईला त्या रिकाम्या सीटकडे ओढत मागे जात होती.