न कापलेली पानं

मी मुलींच्या शाळांची तपासनीस. चांद्याहून फिरतीवर निघाले की शिक्षिका माझ्या शेऱ्यांना भितात, आणि माझा डोळा असतो घरोघरच्या जुन्या पेट्यांवर. गेल्या शतकातल्या बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायचं मला वेडच आहे. त्यातही गोदूबाई नावाच्या विधवेचं १८८१ सालचं आत्मवृत्त मी अकरा वर्षं शोधत होते. दुसऱ्या आवृत्तीतून दिरानं शेवटचं प्रकरण काढून टाकलं होतं. ते वाचल्याशिवाय मला मरायचं नव्हतं.

१९५४च्या चैत्रात पहिली आवृत्ती धानोऱ्याला, रंभाबाई नावाच्या शेतकरणीच्या घरी सापडली. त्यांच्या सासऱ्यांनी कुठल्याशा साहेबाच्या लिलावातून बियाणं ठेवायला पेटी आणली होती. पुस्तक तिच्या तळाशी. शेवटच्या प्रकरणाच्या सातही घड्या छापखान्यातून आल्या तशाच जुळलेल्या होत्या. त्या काळी वाचणाऱ्यानेच कडा कापून पानं मोकळी करायची. इथे आत कोणी डोकावलंच नव्हतं.

अंगणात मोहफुलं वाळत होती. रंभाबाई ती निवडत बसल्या होत्या. कडा कापायला मी अंबाड्यातला आकडा काढला.

"कापू नका, बाई. कापलं का ते बाई चूप होऊन जाते."

"कोण?"

रंभाबाई फुलं निवडता निवडता संथ, पुस्तकी मराठीत बोलू लागल्या, "ज्या न्हाव्याने माझे केस उतरविले, तो रडत होता. मी रडत नव्हते."

"कुठं वाचलंत हे?"

"मले वाचता येत नाई. फुलं निवडता निवडता तोंडात येते."

सासूनं पाठ करून घेतलं असेल, असं म्हणून मी पहिली कडा कापली. आत तेच वाक्य होतं.

"पुन्हा म्हणा."

"काय म्हणू, बाई?"

त्या थट्टा करत नव्हत्या. ते वाक्य त्यांच्याकडे उरलंच नव्हतं. जरा वेळाने त्या पुन्हा बोलू लागल्या, पण कापलेल्या घडीतलं नव्हे, त्यापुढचं.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, देवळात येतो तसा. मोटारीची वेळ झाली होती. वाचायचं तर गोदूबाईला गप्प करायचं, एवढं मला कळलं. मी पुस्तक पेटीत परत ठेवलं. हातात आलेलं पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा सोडलं, आणि रस्ताभर रडले.

पुन्हा जाईन, बसून ऐकेन, असं म्हणता म्हणता तीन वर्षं गेली.

एका सोमवारी आरमोरीच्या शाळेत हजेरीपत्रक तपासताना वर्ग अचानक शांत झाला. शिक्षिकेने हलकेच विचारलं, "बाई, कोणाची गोष्ट सांगून राह्यल्या?"

मी बोलत होते, हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी धानोऱ्याहून पार्सल आलं. चिठ्ठी रंभाबाईंच्या मुलाची: 'आई सोमवारी गेली. पुस्तक तुमाले द्याले सांगितलं होतं.'

मी घड्या मोजल्या. सहाही बंद होत्या.

मला सहाही पाठ होत्या.