जिवंत पत्ता

मोबाईल असा आभाळाकडे धरून काय बघतेस, केतकी? आभाळात काही नाही. लाइट गेली, जिन्यातला डबा बंद पडला, म्हणून तुझं नेट गेलं. तुम्हा पोरांना वाटतं इंटरनेट ढगातून पडतं. तुझ्या खोलीतली वायर जिन्यातल्या डब्यात जाते, तिथून नाक्यावरच्या पेटीत, तिथून कंपनीच्या ऑफिसात, तिथून मुंबईला. आणि पलीकडच्या टोकालाही कुणाच्या तरी जिन्यातला असाच धूळ खाणारा डबा. एकाने दुसऱ्याचा हात धरलाय, दुसऱ्याने तिसऱ्याचा. संपलं तुमचं इंटरनेट.

हसू नका. लाइट येईपर्यंत हर्षल देवरेचं काय झालं ते ऐका. त्याचे वडील आणि मी टेलिफोन खात्यात शेजारी बसायचो. हर्षलने ते त्यांना सांगितलं आणि मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे, आणि तो माणूस थाप मारण्याइतका हुशार नाही.

हर्षल मात्र हुशार. इंटरनेट कंपनीत इंजिनियर, सुरतेत अडाजणला फ्लॅट, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरचा माणूस आंघोळ न करता आलाय. त्याच्या कंपनीने पर्वत पाटियाच्या पुढे, कामरेजकडे जाताना लागणाऱ्या एका सोसायटीतलं जुनं जाळं विकत घेतलं होतं. ते जाळं शालिग्राम पाटील नावाच्या माणसाने उभं केलेलं. अमळनेरकडचा, सुरतेत लूमवर, कापडाच्या मागावर, काम करणारा. लूम सुटल्यावर तो या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरी टाकत गेला. एका घराच्या विजेवर दुसऱ्या घराचं नेट चालायचं. मधल्याने रात्री बटण बंद केलं की पुढची सगळी रांग आंधळी. मग शालिग्राम सायकल काढायचा, दार वाजवायचा, शिव्या खायचा आणि बटण चालू करून घ्यायचा. कंपनीने जाळं घेतलं त्याच पावसाळ्यात तो तापाने गेला.

हर्षल पहिल्यांदा गच्चीवर चढला आणि हसत सुटला. "हे नेटवर्क आहे? की धुणं वाळत घालायच्या दोऱ्या?"

त्याने कटर काढला. खाली अंगणात शालिग्रामची बायको उभी होती, उषाबाई. म्हणाली, "भाऊ, त्यास्ना हातना शेतस. हयूहयू काढ."

त्यांच्या हातच्या आहेत, हळूहळू काढ, एवढंच. हर्षलची आजी मरेपर्यंत हीच अहिराणी बोलत होती. याला शब्द न् शब्द कळला. तरी वरून ओरडला, "हिंदी मे बोलो मौसी, समझ नहीं आ रहा."

आणि कचाकच कापल्या. वायरींचे गुंते बाईच्या पायाशी येऊन पडत होते. तिच्या घरातल्या माळ्यावरचा मुख्य डबाही उपटला आणि भंगारात दिला. महिन्याभराने उषाबाई घराला कुलूप लावून लेकीकडे निघून गेली.

त्या जागी हर्षलने नवी फायबर ओढली. सुबक काम होतं, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वीची दत्तजयंतीची आदली रात्र. दुसऱ्या दिवशी कापड मार्केटमधले बडे व्यापारी नवं जाळं बघायला येणार होते. त्यांचं गिऱ्हाईक मिळालं तर हर्षलची बढती नक्की, आणि नाही मिळालं तर त्याच्या जागी बसायला तुषार नावाचा सहकारी टपलेलाच होता. जेवणं झाली आणि त्याच तुषारचा फोन आला.

"अरे हर्षल, नेट सारखं तुटतंय तिकडचं. एक जुना पत्ता अजून जिवंत दिसतोय."

प्रत्येक डब्याला आकड्यांचा एक पत्ता असतो. एकाच पत्त्यावर दोन डबे असले की निरोप कधी इकडे जातो, कधी तिकडे, आणि सगळाच घोळ होतो.

"कुठला पत्ता?"

"त्या म्हाताऱ्या पाटलाचा. मेन डबा."

"तो भंगारात गेला."

"मग भंगारातून ओ देतोय," तुषार म्हणाला आणि हसला.

हर्षलला वाटलं, त्या बाईनेच दुसरा डबा लावून ठेवलाय. ही माणसं अशीच. बाइक काढून तो सोसायटीत गेला. किल्ली शेजारच्या धुडकूकडे होती. म्हातारा धुडकू शाल गुंडाळून ओट्यावर बसला होता.

"साहेब, तठे काय नाही. लाइटबी कापेल शे."

"तुला काय कळतं रे यातलं?" म्हणत त्याने किल्ली हिसकावून घेतली.

घर म्हणजे एक खोली. मोबाईलच्या उजेडात त्याने माळा पाहिला, भिंती पाहिल्या, मोरीसुद्धा पाहिली. डबा नाही. वायर नाही. मीटरसुद्धा काढून नेलेला. माळ्याखाली भिंतीवर नुसता एक खिळा.

तो फरशीवर बसला, लॅपटॉप उघडला, मोबाईलवरून कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि त्या पत्त्याला हाक मारली. हो, हाकच. आपण एखाद्या यंत्राला हाक मारायची. ते असेल तर ओ देतं. लांबचं असेल तर ओ उशिरा येते, जवळचं असेल तर लगेच. तुमची आजी सांगायची ना, रात्री कुणी दारातून हाक मारली तर ओ देऊ नका म्हणून? इथे हाक मारणारा हाच होता.

ओ आली.

पुन्हा मारली. पुन्हा आली.

हाक कुठून कुठून जाते तेही पडद्यावर बघता येतं. त्याने बघितलं. मोबाईलवरून मुंबई, मुंबईहून सुरतचं ऑफिस, ऑफिसातून कामरेज रोडवरची पेटी, पेटीतून तो पत्ता. समोरच्या भिंतीशी बोलायचं तर मुंबईला जाऊन यायचं! पण तुमचं जाळं असंच असतं. हर्षलला त्यात नवल वाटलं नाही. नाक्यावरच्या पेटीतच काहीतरी अडकलंय असं मनाशी म्हणत त्याने खात्रीसाठी हाकेचा रस्ता पुन्हा बघितला.

मुंबई नव्हती.

ऑफिस, पेटी, तो पत्ता. एवढंच. मुंबई गाळून हाक जाईल कशी? मोबाईल तर तिकडूनच जातो. चूक असेल... त्याने पुन्हा बघितलं.

आता ऑफिसही नव्हतं.

पेटी, आणि तो.

लॅपटॉप आपोआप हाका मारतच होता, आणि ओ लवकर येऊ लागली होती. मघापेक्षा निम्म्या वेळात. मग त्याच्याही निम्म्या.

"तुषार, साल्या, बास झालं," तो मोठ्याने म्हणाला. खोलीत त्याचाच आवाज फिरला आणि थांबला.

त्याने मोबाईल बंद केला. पूर्ण बंद. आता लॅपटॉपला जगाशी जोडणारं काहीच उरलं नव्हतं.

ओ आली.

हाकेचा रस्ता बघितला. पेटी गेली होती. मधे कुणीच नव्हतं. तो आणि... तो पत्ता.

ओ यायला लागणाऱ्या वेळाचा आकडा उतरत होता. उतरत होता. मग पडद्यावर आकडाच राहिला नाही. इतक्या जवळच्याला मोजायला यंत्राकडे माप नसतं.

मागे वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

त्याने हाका मारणं थांबवलं. बटण दाबलं. पडदा थांबला. काळा... स्वच्छ...

आणि एक ओळ उमटली.

मग दुसरी.

त्याने ती वाचली. आता हाक तिकडून येत होती. आणि त्याचं यंत्र ओ देत होतं. यंत्राला आजी नसते हो. त्याला हाक मारली की ते ओ देतं.

हाक. ओ.

हाक. ओ.

हाक...

त्याने लॅपटॉप धाडकन मिटला. अंधार. धुडकूचं खोकणंसुद्धा ऐकू येईना. अंधारात त्याच्या मानेजवळ कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. सायकल दामटून आल्यावर माणूस घेतो तसा.

ज्या भाषेची लाज वाटून त्याने ती शाळेतच टाकून दिली होती, तीच त्याच्या तोंडातून बाहेर पडली.

"चुकी गवू, बाबा... मी चुकी गवू..."

मग मानेजवळचा तो श्वास थांबला.

धुडकूने त्याला बाहेर येताना पाहिलं तेव्हा तो भिंत धरून चालत होता. चपला आतच राहिल्या होत्या. धुडकूने पाण्याचा तांब्या पुढे केला. याने तो दोन्ही हातांनी घेतला.

आणि गंमत ऐका. त्या क्षणापासून नेट एकदाही तुटलं नाही. व्यापारी खूश झाले. रात्री जाऊन बिघाड काढला म्हणून कंपनीने हर्षलचा हार घालून सत्कार केला. आणि या गड्याने मान पुढे करून तो घालून घेतला! बिघाड काय होता विचारलं तर म्हणाला, सॉफ्टवेअर. तुषारने मान डोलावली. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकानेही पुढे विचारलं नाही. बढती मिळाली. उषाबाईला एक फोनसुद्धा त्याने केला नाही. माणूस रात्री जेवढा खरा असतो तेवढा सकाळी राहत नाही, आणि हा तर मुळातच कमी होता.

लॅपटॉप तेवढा त्याने पुन्हा उघडला नाही. वडिलांनी तो दुरुस्तीच्या दुकानात नेला. पडद्याच्या मधोमध एक डाग होता. दुकानदाराने ओल्या फडक्याने पुसला, जाईना. पुन्हा पुसला. मग त्याने काचेवर नख फिरवून बघितलं आणि हात मागे घेतला.

अंगठ्याचा ठसा होता. रेषा न् रेषा दिसत होती.

काचेच्या आतून.