परतीची गाडी

यात माझ्या पदरचा एक शब्दही नाही. पटलं तर वाचा, नाही पटलं तर खुशाल हसा. जिच्यासोबत हे घडलं ती माझी सख्खी मावशीसुद्धा आधी हसणाऱ्यांतलीच होती.

आणि मध्यरात्र, वारा, मिणमिणता दिवा असलं काही नाही यात.

हे घडलं भर दुपारी. समुद्रकिनारी. लख्ख उन्हात.

माझी धाकटी मावशी बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. समोर काच, काचेखाली हात जाईल एवढी फट, टेबलावर माइक. दिवसभर तेच. गाडी लागली का? कधी लागेल? का नाही लागली? समोर ढळढळीत पाटी असते, पण पाटी वाचेल तो प्रवासी कसला! ड्रायव्हर-कंडक्टर तिला चौकशीबाईच म्हणतात.

मावशीने लग्न केलं नाही. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मावशीनेच केलं. आजी गेल्यावर मामाची मुलं हिच्याच अंगाखांद्यावर वाढली. जगाला गाडीत बसवून देणारी बाई स्वतः कधी कुठे गेली नाही.

त्या वर्षी थंडीने कहर केला होता. खिडकीतला हीटर बंद पडलेला. बोटं आखडायची, नाक गळायचं. एक गृहस्थ एकच प्रश्न फिरून फिरून विचारत होते. मावशीचा संयम सुटला.

"अहो, मला कुठेतरी उन्हात नेऊन टाका! आणि तिथे कोणी काही विचारू नका!"

माइक चालू होता.

अख्ख्या डेपोने ऐकलं. साहेबांनी हसत हसत रजा मंजूर केली.

आता खरी कटकट सुरू झाली.

मावशीला ऊन हवं होतं, समुद्र हवा होता, खिशाला झेपायला हवं होतं आणि एकटीनेच जायचं होतं. पहिलं सगळं कुठेही मिळत होतं. एकटीवर घोडं अडायचं.

"किती जण, मॅडम?"

"एक."

"एक जोडपं?"

"एक माणूस! मी!"

"मग मॅडम, भाडं दोघांचंच पडेल."

"आणि त्या दुसऱ्याच्या जागी मी काय उशी झोपवू?"

फोन आपटायचा. दुसरा लावायचा. तिथेही तेच. एका ठिकाणी तर विचारलं, सोबत कोणी पुरुष माणूस नाही का? मोबाइलवर स्वस्तातली सहल दिसायची, बोट लावलं की किंमत वर चढायची.

घरचे कमी होते की काय! मामीने डोळे बारीक केले. "एकट्याच? कोणाशी बिनसलंय का?" मामा म्हणाला, "त्यापेक्षा आमच्याकडे ये ना, मुलांची परीक्षा आहे." माझी आई तर बॅग भरायला उठली.

"अगं ताई, तू आलीस की मी एकटी कशी राहीन?"

आई रुसली ती आठवडाभर.

शेवटी मावशीला आपला पास आठवला. डेपोच्या गाडीने प्रवास फुकट. त्यातली एकच गाडी समुद्रापर्यंत जायची, दिवसातून एकदा. शेवटचा थांबा एक छोटंसं गाव. तिथल्या लॉजचा नंबर कंडक्टरने दिला. या कंडक्टरला सगळे भोपू म्हणतात. तो कानात बोलला तरी पुढच्या चौकात ऐकू जातं.

मावशीने फोन लावला. मनात भांडणाची सगळी तयारी.

"एकट्याच का? चालेल की," पलीकडचा मॅनेजर म्हणाला. "मागच्या बाजूची खोली आहे. एकट्या बायकांना आम्ही तीच देतो."

भाडं इतकं कमी, की मावशीने परत विचारून खात्री केली.

खोली खरंच छान होती. एक खाट. एकच. गजांची खिडकी, खिडकीला रुंद कट्टा, बाहेर नुसती वाळू आणि पुढे समुद्र. लाटांचा आवाज खोलीभर. मावशी त्या रात्री ढाराढूर झोपली.

दुसऱ्या दिवशी तिने मनसोक्त ऊन खाल्लं. जेवली. पडदा ओढून आडवी झाली. डोळा लागणार, इतक्यात…

समुद्राचा आवाज बंद झाला.

हळूहळू नाही. नळ बंद करावा तसा.

मग कट्ट्यावर नख वाजलं.

टक… टक…

"ताई… परतीची गाडी आहे का?"

बाईचा आवाज. दमलेला, अगदी हळू.

मावशी घाबरली का? छे! तिच्या मस्तकात तिडीक गेली. इथेही? कोणी सांगितलं हिला मी डेपोत असते ते? ती तरातरा उठली आणि पडदा फर्रकन ओढला.

बाहेर कोणी नव्हतं.

वाळूवर पाऊल उमटलेलं नव्हतं. समोर लाटा फुटत होत्या, फेस उडत होता… आणि आवाज नव्हता.

कट्ट्यावर मात्र चार बोटांचे ओले ठसे होते. खिडकीशी उभा राहणारा माणूस टेकवतो, तशी बोटं.

मावशी बघत असतानाच ते सुकले, आणि लाटांचा आवाज धाडकन परत आला.

ती तशीच मॅनेजरकडे गेली. तो टेबलावर डोकं ठेवून पेंगत होता.

"माझ्या खिडकीशी कोण आलं होतं?"

"कोणी नाही हो. लॉजमध्ये तुमच्याशिवाय आहे कोण?"

"बाई होती. गाडी विचारत होती."

मॅनेजरची झोप उडाली. "तुम्ही काही सांगितलं नाही ना?"

"का? सांगितलं तर काय होतं?"

"काही नाही. सहज विचारलं."

"सहज कोणी असं विचारत नाही!"

"मॅडम, हवं तर समोरची खोली देतो. आधीच्या बाईंनीही बदलून घेतली होती. फक्त भाडं तिथलं पडेल."

"दोघांचं?"

"दोघांचं."

इथे माझ्या मावशीचा हट्ट नडला. दोघांचं भाडं ती मेली तरी देणार नव्हती. "माझी खोली आहे, मी सोडणार नाही," म्हणून ती पाय आपटत परत गेली. मात्र त्या रात्री तिने खिडकी घट्ट लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीत थांबलीच नाही. टॉवेल घेऊन थेट किनाऱ्यावर गेली. डोक्यावर मोकळं आभाळ, चारी बाजूंना वाळू. इथे कोण कुठे लपणार? ती डोळे मिटून उन्हात बसली.

थोड्या वेळाने…

लाटा मुक्या झाल्या.

मानेवर पाण्याचा थेंब पडला. बर्फासारखा गार.

"ताई… परतीची गाडी आहे का?"

अगदी पाठीमागून.

मावशीने डोळे उघडले नाहीत. ती सांगते, भीती होती, पण भीतीच्या वर राग होता. इतक्या वर्षांत पहिली रजा. त्यासाठी केवढी यातायात. आणि इथेही चौकशी!

"ताई… सांगा ना…"

"आहे!" मावशी ओरडली. "सकाळी सुटते! लॉजसमोरच उभी असते! जा, बसा त्यात, आणि माझा पिच्छा सोडा!"

मानेवर आणखी एक गार थेंब पडला.

मग तो आवाज म्हणाला, "मला घेतील का?"

"न घ्यायला काय झालं? गाडी सगळ्यांची आहे!"

"बरं…"

आणि समुद्र पुन्हा गरजायला लागला.

मावशीने वळून पाहिलं. कोरड्याठाक वाळूत, तिच्या मागे हातभर अंतरावर, एक माणूस बसेल एवढीच जागा ओली होती.

आता मात्र तिच्या अंगावर सरसरून काटा आला. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीने ती स्वतः परतणार होती. तिने साहेबांना फोन करून रजा एका दिवसाने वाढवली.

मॅनेजरला सांगितलं तेव्हा तो तिच्याकडे बघतच राहिला. "उत्तर दिलंत ना?"

"दिलं. तुम्ही कोणी देत नाही म्हणून मला द्यावं लागलं. कोण आहे ती?"

सकाळी गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा त्याने लॉजचं पुढचं दार आतून लावून घेतलं आणि गाडी जाईपर्यंत कडीवर हात ठेवून उभा राहिला.

त्या दिवशी मावशीला कोणी काही विचारलं नाही. हवा होता तसा दिवस. पण तिला सुख लागेना. लाटेचा आवाज जरा कमी झाला की ती दचकायची.

परतताना तिने ती गाडी टाळली, रिक्षाने पुढच्या गावी जाऊन दुसऱ्या गाडीने घरी आली, कामावर रुजू झाली. संध्याकाळी भोपू खिडकीशी आला. हा माणूस कधी हळू बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"चौकशीबाई, तुम्ही तिथे होतात म्हणून विचारतो. परवा तिथून तुमच्या ओळखीचं कोणी बसलं होतं का?"

"का रे?"

"गाडी रिकामी सुटली. पहिला थांबा आला तर मागच्या सीटवरून बाईचा आवाज… 'हेच का?' मी वळलो. कोणी नाही. पुढचा थांबा… 'हेच का?' प्रत्येक थांब्याला तेच. ड्रायव्हरनेही ऐकलं. डेपोत आल्यावर बघतो तर मागची सीट ओलीचिंब. खाली वाळू."

मावशीने माइक बंद केला.

चौकशीला आलेल्या माणसाला आधी काय विचारतात? कुठे जायचंय. ती हजारो लोकांना विचारत आली होती. आणि रागाच्या भरात हिलाच विचारायचं राहिलं होतं.

त्यानंतर रोज हेच. जाताना, येताना. हेच का? हेच का? प्रवासी मागे बसेनात. ड्रायव्हर ड्युटी बदलून मागू लागले. मावशीला जेवण जाईना.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती वाटेतल्या एका गावापर्यंत गेली आणि परतताना त्याच गाडीत मागच्या सीटवर बसली. शेजारची जागा ओली होती. पुढे भोपू होता. ऊन अजून खिडकीत होतं.

गाडी चालत होती… आणि इंजिनाचा आवाज गेला.

मावशीने समोर बघत विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय?"

मग अगदी कानाशी…

"आठवत नाही."

मावशी सांगते, ते ऐकून तिला भीती नाही वाटली. रडू आलं.

तोच आवाज पुन्हा आला.

"ताई… तुम्ही कुठे उतरता?"

मावशीने ओठ दातांखाली दाबले. नाही सांगायचं. या वेळी नाही. तिचं घर डेपोच्या आधीच्या थांब्यावर आहे. तिथे उतरायचंच नाही, थेट डेपोत जायचं, असं तिने ठरवलं. तो थांबा आला. गाडी थांबली. ती सीट घट्ट धरून बसून राहिली, खिडकीबाहेर बघितलंसुद्धा नाही.

आणि पुढून भोपू नेहमीच्या आवाजात ओरडला.

"चौकशीबाई, झोपलात काय? तुमचं घर आलं!"

दार उघडलं. कोणी चढलं नाही. कोणी उतरताना दिसलं नाही. दार लागलं.

त्या थांब्यावर 'हेच का?' कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून गाडी शांत आहे. ड्रायव्हर खूश, भोपू खूश. मावशी मात्र त्या दिवशी डेपोतून सरळ आमच्याकडे आली, ती अजून आमच्याकडेच राहते. आईला वाटतं, बहिणीला एकटेपणा खायला उठला.

तिच्या घराला कुलूप आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, मधल्या भिंतीला ओल धरलीय, नळ उघडा राहिलाय का बघून जा.

मावशीने चावी माझ्या हातात ठेवली.

चावी अजून माझ्याच खिशात आहे. रोज म्हणतो, उद्या जाईन.